भिंती आपल्या, राहणारे दुसरे

महिन्याच्या पाच-सहा तारखेला आईच्या फोनवर बँकेचा मेसेज येतो. इंदिरानगरच्या फ्लॅटचं भाडं जमा झालेलं असतं. मग ती वही काढते आणि किराणा, औषधं, कामवाल्या मावशींचा पगार, मेंटेनन्स असं एकेक मांडत जाते. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात होते. खासगी नोकरीतलं ईपीएफचं पेन्शन मुळातच थोडं, आणि त्यांच्या मागे आईला मिळतं ते त्याच्या निम्मं. घर चालतं ते या भाड्यावर. फ्लॅट घेतानाच बाबांनी सांगून ठेवलं होतं की ही म्हातारपणाची सोय आहे, काही झालं तरी विकायची नाही.

नाशकात अशी सोय करून ठेवलेली माणसं पुष्कळ भेटतात. मायको, महिंद्रा, ओझरचं एचएएल, नाशिकरोडची प्रेस, इथून निवृत्त झालेल्या एका अख्ख्या पिढीनं फंडाच्या पैशातून राहत्या घराखेरीज आणखी एक वन बीएचके नाहीतर टू बीएचके घेतला. पाथर्डी फाटा, गोविंदनगर, म्हसरूळ, अमृतधाम, त्या वेळी जिथं परवडलं तिथं. आज त्या घरांत अंबडच्या कंपनीत लागलेला जळगावकडचा मुलगा राहतो, हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या दोन नर्स राहतात, इंजिनिअरिंगची पोरं राहतात. मालकासाठी ते घर म्हणजे दरमहा येणारी रक्कम असते. त्या रकमेला विम्याचं कवच आहे का, हे मी ओळखीच्या घरमालकांना विचारत असते. बहुतेकांनी विमाच काढलेला नसतो. ज्यांनी काढलाय त्यांचा अर्ज पाहिला तर तो आपण स्वतः त्या घरात राहतो असं धरून भरलेला असतो.

घर भाड्यानं दिलं त्या दिवशी त्याची जोखीम बदलते. भिंती आपल्या राहतात, पण गॅस पेटवणारे, नळ उघडे ठेवणारे, कुलूप लावून गावी जाणारे हात दुसऱ्याचे असतात. विमा हा शेवटी एक करार आहे, आणि या घरात कोण राहतं या प्रश्नाच्या उत्तरावर तो उभा असतो. ते उत्तर बदललं आणि करार जुनाच राहिला, तर गरजेच्या वेळी हातात कागद असूनही उपयोग होत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याच इमारतीत झालेल्या एका प्रकारात, सोसायटीची सेक्रेटरी म्हणून, सगळे कागद माझ्या हातून गेलेले आहेत.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ज्या काका-काकूंचा, ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. फ्लॅट त्यांनी इंजिनिअरिंगच्या तीन मुलांना दिला होता. मुलं चांगली होती, भाडं वेळेवर द्यायची. दिवाळीच्या सुट्टीत तिघंही गावी गेली आणि त्यातल्या एका रात्री स्वयंपाकघरात सिंकखालची, पाणी शुद्ध करायच्या मशीनला जोडलेली नळी फुटली. गच्चीवरची टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत पाणी घरात वाहत राहिलं. पहाटे वॉचमनला जिन्यावरून पाणी उतरताना दिसलं तेव्हा कुठे मेन व्हॉल्व्ह बंद झाला. तोपर्यंत वरच्या घरात घोटाभर पाणी होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबानं त्याच वर्षी केलेलं पीओपीचं छत हॉलमध्ये कोसळून पडलं होतं. त्यांच्या नव्या किचन ट्रॉल्यांचं प्लायवूड फुगलं, टीव्ही गेला. वर मुलांचे दोन लॅपटॉप जमिनीवरच्या गाद्यांशेजारी ठेवलेले होते, तेही गेले. एकाची तर प्रोजेक्टची सगळी तयारी त्यात होती. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

काकांकडे घराचा विमा होता. वर्षानुवर्षं ते नेमानं हप्ता भरत होते आणि त्या सकाळी फोनवर त्यांचा आवाज निर्धास्त होता. नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. ओलसर भिंतींचे फोटो काढायच्या आधी त्यानं विचारलं, "इथे राहतं कोण?" पॉलिसी घेताना काका स्वतः राहत होते, अर्जात तसंच लिहिलेलं होतं. पुढे घर भाड्यानं दिल्याचं कंपनीला कळवलेलं नव्हतं. इथून पत्रव्यवहार सुरू झाला. कधी दिलं, कोणाला दिलं, करार दाखवा. करार होता, पण नोटरी केलेला, नोंदणी नसलेला, आणि मुदत उलटून गेलेला.

काकांच्या भिंती, फरशी, वायरिंग यांच्यासाठी बऱ्याच महिन्यांनी काही रक्कम मंजूर झाली, मागितली होती तिच्या निम्म्याहूनही कमी. घर राहण्याजोगं नव्हतं, मुलं होस्टेलवर गेली, त्या काळात बुडालेल्या भाड्याचं काहीच मिळालं नाही. भाडं किती होतं हे दाखवणारा चालू करारच नव्हता. खालच्या कुटुंबाचं नुकसान काकांच्या पॉलिसीत बसतच नव्हतं, कारण ती काकांच्या मालमत्तेची पॉलिसी होती, शेजाऱ्याच्या टीव्हीची नव्हे. आणि मुलांचे लॅपटॉप कोणाच्याच कागदावर नव्हते.

मग जे व्हायचं तेच झालं. खालचे म्हणाले, काकांनी भरून द्यावं. काका म्हणाले, मशीन मुलांनी बसवलं, मुलांनी द्यावं. मुलांचे पालक म्हणाले, नळी जुनी होती, आणि आमच्याच पोरांचं सामान गेलंय. सोसायटीकडे सगळे आले, पण आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅटच्या आतल्या सिंक आणि संडास-बाथरूमच्या गळतीची दुरुस्ती सभासदानं आपल्या खर्चानं करायची असते, सोसायटीची जबाबदारी छताची आणि बाहेरच्या पाइपांची. शेवटी मुलांचं डिपॉझिट त्या भांडणात अडकलं. वर्षानुवर्षं एकमेकांकडे हळदीकुंकवाला जाणाऱ्या दोन घरांचं बोलणं बंद झालं. कोणीही वाईट माणूस नव्हतं. तीन पक्षांचं नुकसान झालं होतं आणि एकाच पक्षाचा, तोही अर्धवट जुळणारा, कागद होता.

त्यानंतर मी आईच्या फ्लॅटची पॉलिसी काढून शांतपणे वाचली, आणि मग ज्या ज्या पॉलिसीचे नियम हाती लागले ते वाचत गेले.

आपल्याकडे घराच्या विम्याची एक ठरीव पॉलिसी आहे, भारत गृह रक्षा. विमा नियामक प्राधिकरणानं १ एप्रिल २०२१ पासून ती लागू केली. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल आणि हेतुपुरस्सर केलेली मोडतोड, टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान, असं बरंच काही तिच्यात येतं. इमारतीच्या विम्याबरोबर घरातल्या साधारण सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये. रक्कम कमी लावली म्हणून त्या प्रमाणात दावा कापायचा, ही जुनी अडचण तिच्यात काढून टाकली आहे. पॉलिसी चांगली आहे, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी निदान ही तरी घ्यावी.

लोक बिचकतात ते रकमेला. "माझ्या फ्लॅटची किंमत पन्नास लाख, त्याचा हप्ता किती येईल?" पण विमा बाजारभावाचा काढायचा नसतो. जागेची किंमत जळत नाही आणि वाहूनही जात नाही. कार्पेट एरिया गुणिले पुन्हा बांधायचा दर, एवढीच रक्कम लागते. साडेसहाशे चौरस फुटांचा फ्लॅट आणि बांधकामाचा दर फुटाला २,००० रुपये धरला तर १३ लाख होतात. यावरचा वर्षाचा हप्ता बहुतेकदा एका महिन्याच्या भाड्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं आपण न कुरकुरता देतो. हा खर्च मात्र कोणी यादीतच धरत नाही.

घरमालकाला या पॉलिसीत नेमकं काय बघायचं असतं? पहिलं अर्थात हेच, की घर भाड्यानं दिलंय हे कंपनीला लेखी कळवलेलं आहे का. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर चालतो. ज्या गोष्टीनं जोखीम बदलते ती लपवली, किंवा सांगायची राहून गेली, तर तोटा आपलाच. एजंटला तोंडी सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. ईमेल करावा, आणि बदल नोंदवल्याचा कागद परत मागून घ्यावा.

मग भाडं. भारत गृह रक्षामध्ये विम्यात येणाऱ्या एखाद्या घटनेनं घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुरुस्तीच्या काळातलं बुडालेलं भाडं मिळण्याची तरतूद आहे. स्वतः राहणाऱ्याला तिचा अर्थ पर्यायी घराचं भाडं असा होतो, आणि घरमालकाला हातची गेलेली मिळकत असा. माझ्या आईसारख्या बाईसाठी अख्ख्या पॉलिसीतली सर्वांत मोलाची ओळ हीच आहे. भिंत आज ना उद्या उभी राहील, पण ती उभी राहीपर्यंतचे चार महिने औषधं कशातून आणायची? आणि ही ओळ कामाला येते ती भाडं कागदावर असेल तरच.

म्हणून नोंदणीकृत करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो, नोंदवावा लागतो, आणि ही जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं ठरवायची जबाबदारी मालकावर येते. आता हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. पाचशेचा स्टॅम्प आणून नोटरी करण्यात जो खर्च वाचतो असं वाटतं, तो काकांच्या बाबतीत कितीतरी पटींनी बाहेर गेला.

तिसरी गोष्ट दुसऱ्यांच्या नुकसानीची, आणि साध्या गृहविम्याची सर्वांत मोठी फट मला इथेच दिसते. आपल्या घरातून पाणी खाली गेलं, आपल्या बाल्कनीची जुनी ग्रिल निसटून कोणाच्या डोक्यात पडली, गीझरच्या सदोष वायरिंगनं भाडेकरूला शॉक बसला, तर मालक म्हणून बोट आपल्याकडे येतं. यासाठी सार्वजनिक दायित्वाचं संरक्षण लागतं. हाउसहोल्डर्स पॅकेज नावाच्या पॉलिसींत त्याचा स्वतंत्र विभाग असतो, काही कंपन्या घरमालकांसाठी म्हणून ते वेगळं जोडून देतात. पण घर भाड्यानं दिलेलं असताना ते लागू आहे का, हा प्रश्न लेखी विचारायलाच हवा. स्वतः राहणाऱ्यासाठी लिहिलेला विभाग भाड्याच्या घराला पुरेल असं धरून चालू नये.

आणि सामान. सेमी-फर्निश्ड फ्लॅट दिला असेल तर पंखे, गीझर, कपाटं, पलंग, एसी आपले. ते आपल्या पॉलिसीत येतात. भाडेकरूचं सामान येत नाही, येऊही शकत नाही, कारण जे आपलं नाही त्याचा विमा आपल्याला काढता येत नाही. भाडेकरूला फक्त सामानाची पॉलिसी स्वतंत्रपणे घेता येते. हे फार कमी जणांना माहीत असतं. "ओनरनी इन्शुरन्स काढलाय ना, मग झालं" असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असतं. याला आणखी एक बाजू आहे. भाडेकरूच्या निष्काळजीपणानं आग लागली आणि कंपनीनं मालकाला भरपाई दिली, तर ती वसूल करायला कंपनी भाडेकरूच्या मागे जाऊ शकते. म्हणजे मालकाच्या पॉलिसीनं भाडेकरू सुरक्षित होत नाहीच, उलट त्याच्या दारात दुसरा दावेदार उभा राहू शकतो. गॅसचंही असंच. तेल कंपन्यांनी सिलिंडरच्या अपघातासाठी काढलेल्या विम्यात मालमत्तेचं नुकसान मिळतं ते ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावर. गावच्या कनेक्शनचा सिलिंडर नाशकात आणून वापरणाऱ्या पोरांना हे कोण सांगणार? माझ्या मते हे घरमालकानं सांगावं. वडीलधारं माणूस म्हणून तरी सांगावं.

चोरीबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. भारत गृह रक्षामध्ये चोरी येते ती आग किंवा पूर असं काही घडल्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि भाडेकरूनंच जाताना एसी काढून नेला तर हा दावा अवघडच.

काही गोष्टी विम्याबाहेरच राहतात आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. भाडेकरूनं भाडं बुडवलं, तर आपल्याकडची ठरीव पॉलिसी ते देत नाही. बेकायदा ताबा घेऊन कोणी बसलं, त्यामुळे घर हातातून गेलं, तर तेही नुकसान तिच्यात नाही. तिथे विमा संपतो आणि कायदा सुरू होतो. लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या फीच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. पुरेसं डिपॉझिट, नोंदणीकृत करार आणि पोलिसांत दिलेली भाडेकरूची माहिती हीच यावरची ढाल.

या बाबतीत परदेशात गोष्टी जास्त सुटसुटीत आहेत. अमेरिकेत घरमालकाची नेहमीची होमओनर्स पॉलिसी तुम्ही त्या घरात राहता या व्याख्येवरच लिहिलेली असते. भाड्यानं द्यायचं झालं की ड्वेलिंग फायर नावाची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, तिला तिथे डीपी-१, डीपी-२, डीपी-३ म्हणतात, आणि बुडालेल्या भाड्याची व दायित्वाची सोय तिच्याभोवती जुळवतात. ऑस्ट्रेलियातल्या लँडलॉर्ड पॉलिसीत भाडेकरूनं बुडवलेलं भाडं आणि मुद्दाम केलेली नासधूससुद्धा घेता येते. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत, नोकरी बदलली की तिकडचं घर भाड्यानं देऊन दुसऱ्या गावी जातात. त्यांना हा फरक ठाऊक असतो. पण इथल्या आई-वडिलांच्या रिकाम्या फ्लॅटला भाडेकरू ठेवताना तोच प्रश्न इथे कोणी विचारत नाही. आपल्याकडे एकच तयार पॅकेट मिळत नसेल तर तुकडे जोडून ते बनवावं लागतं: भाड्यानं दिल्याची नोंद असलेला इमारतीचा विमा, बुडालेलं भाडं, आपलं सामान, दायित्व, आणि भाडेकरूची त्याची स्वतःची पॉलिसी.

"सोसायटीनं काढलाय की" हे उत्तर मला दर सर्वसाधारण सभेत ऐकू येतं. इमारतीचा विमा सोसायटीनं काढावा असं उपविधी सांगतात, आणि काढायलाच हवा. पण त्यात बहुधा सांगाडा आणि सामाईक भाग येतो. तुमचं किचन, तुमचं भाडं, तुमच्या खालच्याचं छत येत नाही. दुसरं उत्तर "बँकेनं लोन देतानाच काढलाय". तो कागद उघडून बघा. अनेकदा तो कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो, म्हणजे माणूस गेला तर कर्ज फिटेल, घर पडलं तर नाही. सोसायटीकडे भाडेकरूची नोंद करून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे स्वतः न राहता घर भाड्यानं दिल्याबद्दलचं शुल्क, भरणारे सभासदसुद्धा, तीच माहिती विमा कंपनीला द्यायला हवी हे विसरतात. त्या चार्जेसवर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून सभेत तासभर वाद घालणारे लोक आहेत. त्यातली दहा मिनिटं विम्याला मिळाली तरी मला आनंद होईल.

आपल्या गावाला तर हे जास्तच लागू आहे. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर सगळ्यांनी पाहिलेत. सराफ बाजार, भांडी बाजार, सगळीकडे पाणी. पण धोका फक्त गोदाघाटाला नाही. नासर्डी, वाघाडी या छोट्या नद्यांच्या काठानं तळमजल्यावरची कितीतरी घरं भाड्याची आहेत, आणि ती भाड्याची असण्याचं एक कारण हेच असतं की पावसाळ्यात तिथे मालकाला स्वतः राहायचं नसतं. तिथे राहणाऱ्या कुटुंबाला पुराचं पाणी घरात शिरल्यावर धान्य, गाद्या, मुलांची दप्तरं परत घ्यावी लागतात. त्यांच्या नावावर सामानाची छोटी पॉलिसी असणं ही तिथे चैन राहत नाही. जुन्या नाशकातले आणि पंचवटीतले वाडे हा मात्र वेगळा, दुखरा विषय आहे. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, मालक आणि पिढ्यान् पिढ्यांचे भाडेकरू यांचे वाद कोर्टात पडलेले असतात. जीर्ण होऊन ढासळलेली भिंत विम्यात बसत नाही. विमा अचानक घडलेल्या घटनेचा असतो, वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाचा नाही. तिथे आधी दुरुस्ती, आणि तीही होत नसेल तर माणसं बाहेर काढणं, याला पर्याय नाही.

रिकाम्या काळाचंही बघावं लागतं. एक भाडेकरू गेला, दुसरा मिळेपर्यंत दोन महिने घर बंद. पूर्वीच्या अग्निविमा पॉलिसीत अशी अट होती की कंपनीच्या संमतीशिवाय इमारत ३० दिवसांहून जास्त रिकामी राहिली तर संरक्षण थांबतं. आपल्या आजच्या पॉलिसीत याबद्दल काय लिहिलंय ते वाचून ठेवावं, आणि घर बंद करताना पाण्याचा व्हॉल्व्ह आणि मेन स्विच दोन्ही बंद करावेत. काकांच्या प्रकारानंतर आमच्या सोसायटीत मी तसा कागदच जिन्यात लावला आहे.

कराची गोष्ट थोडक्यात. घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्ती वगैरेंसाठी ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तुम्ही खर्च करा किंवा करू नका. विम्याच्या हप्त्याची वेगळी वजावट नाही. म्हणून काही जण हप्ता टाळतात. मला उलट वाटतं. त्या ३० टक्क्यांतला अगदी लहानसा तुकडा इथेच जायला हवा.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. पंचवटी, मखमलाबाद, तपोवनाच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांना दोन-चार दिवसांच्या भाड्यासाठी आत्तापासून विचारणा होऊ लागली आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबापेक्षा पर्वणीच्या दिवसांत जास्त पैसे मिळतील हे खरं आहे, आणि ते मिळवावेत, त्यात वावगं काही नाही. पण एका खोलीत दहा-दहा माणसं, रोज नवी, पोर्टेबल शेगडी, उदबत्त्या, समया, मोबाइलचे पंधरा चार्जर एका एक्स्टेन्शन बोर्डावर, हे विमा कंपनीच्या नजरेत राहतं घर नसतं. त्या वापराला व्यवसाय म्हणायचं की निवास, यावरच पुढचा सगळा दावा ठरतो. अशा गर्दीत एखाद्या यात्रेकरूला इजा झाली तर दायित्वाचा प्रश्न भिंतींच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठा होईल. ज्यांना घर द्यायचंय त्यांनी आत्ताच आपल्या कंपनीला लिहून विचारावं, आणि नकार आला तर तेवढ्या काळासाठी वेगळं संरक्षण मिळतं का ते बघावं.

आईच्या फ्लॅटच्या पॉलिसीचं नूतनीकरण पावसाळ्याच्या तोंडावर येतं. या वेळी मी कंपनीला तीन प्रश्न लिहून पाठवले: घर भाड्यानं दिल्याची नोंद पॉलिसीवर दिसेल का, बुडालेल्या भाड्याची रक्कम चालू कराराप्रमाणे धरली जाईल का, आणि खालच्या फ्लॅटचं नुकसान झालं तर दायित्वाचं संरक्षण किती. पहिल्या दोन्हींची उत्तरं आली, नोंद झाली, करारातल्या भाड्याचा आकडाही लागला. तिथे राहणाऱ्या नर्स मुलीला मी सामानाच्या पॉलिसीबद्दल सांगितलं. तिनं तिच्या भावाला विचारून ती घेतली, आणि आईनं त्या महिन्याच्या भाड्यातून तिच्या हप्त्याइतकी रक्कम स्वतःहून कमी केली. मला आईचं हे वागणं फार आवडलं. तिसऱ्या प्रश्नाला कंपनीचं उत्तर आलंय ते "अटी व शर्ती लागू" एवढंच. त्यावर मी पुन्हा पत्र टाकलं आहे. पत्रानं भागलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाईन, आणि पुढे दाव्याचाच वाद उभा राहिला तर पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. दरम्यान सिंकखालच्या सगळ्या नळ्या बदलून घेतल्या आहेत आणि प्लंबरची पावती पॉलिसीच्याच फाइलला लावून ठेवली आहे.